अकरा जीबीचा कोंढाणा, चाळीस केबीचा मारिओ

पत्र

नमस्कार. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष झालं, युनिटी या गेम इंजिनात एक गेम करतोय. कोंढाण्याची १६७० ची लढाई, ओपन वर्ल्ड (कुठेही मोकळं फिरता येतं), थर्ड पर्सन (कॅमेरा मावळ्याच्या मागून), फोनसाठी. प्रोजेक्टचं फोल्डर ११ जीबी झालंय, पण खेळण्याजोगं म्हणाल तर एक कडा आणि दोन पहारेकरी. लॅपटॉपवर बरं चालतं. मित्राच्या फोनवर १४ एफपीएस (सेकंदाला १४ चित्रं, म्हणजे फ्रेम) मिळतात, आणि विचित्र म्हणजे तिथे मावळ्याची उडीच कमी पडते. जो ओटा माझ्याकडे सहज चढतो, तो तिथे चढत नाही. कोड तोच आहे, डेल्टा टाइमसुद्धा (मागच्या फ्रेमला लागलेला वेळ) वापरलाय. काका म्हणतात, "आमच्या वेळी अख्खा मारिओ ४० केबीत बसायचा, एकेकटा माणूस गेम करायचा. तुमच्याकडे सगळं आहे, मग गेम कुठाय?" आता मलाही वाटतंय की इंजिन सोडावं, असेंब्ली (थेट प्रोसेसरची भाषा) शिकावी आणि जुन्या पद्धतीने मुळापासून करावं. की काका नुसते आठवणीत रमलेत?

– अर्धवट मावळा, सांगली

उत्तर

प्रिय अर्धवट मावळ्या,

काकांचा आकडा खरा आहे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीत बसतो: ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. जागा पुरावी म्हणून त्यात ढग आणि झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे, वर पांढऱ्या रंगात, खाली हिरव्या. पण तेव्हाची माणसं शिस्तीची आणि आताची पोरं ऐदी, असं जे काकांना सुचवायचंय ते काही खरं नाही. त्या माणसांना शिस्त यंत्राने लावली होती. केबी संपले की संपले, मग कल्पना कितीही झकास असो. तुझा लॅपटॉप मात्र दीड वर्षात तुला एकदाही 'नाही' म्हणालेला नाही. ते म्हणायचं काम आता गेम करणाऱ्याच्याच गळ्यात पडलंय. जुन्या आणि नव्या कामातला सगळ्यात मोठा फरक आमच्या मते हाच, आणि तुझा कोंढाणा अडलाय तोही इथेच.

आणि काकांना हेही सांग की त्या काळी कचराही भरपूर निघायचा. १९८२ चा अटारीवरचा 'ई.टी.' जेमतेम पाच आठवड्यांत उरकला होता. न खपलेली कार्टरिज (यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या) पुढे न्यू मेक्सिकोत खड्डा खणून पुरली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला अख्खा धंदाच झोपला. आपल्याला मारिओ आठवतो, कारण पडेल गेम कुणी आठवणीत जपून ठेवत नाही.

आता असेंब्लीचं. सहा महिने घालवू नकोस. दोन दिवस मात्र जरूर घाल, आणि ते १९७७ च्या अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर घाल. ८बिटवर्कशॉप ही साइट ब्राउझरमध्येच कोड लिहू देते आणि शेजारी चालवूनही दाखवते. या यंत्रात रॅम १२८ बाइट. मराठी मजकुरात एकेक चिन्ह यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत ३ बाइट खातं, म्हणजे १२८ बाइटांत फार तर ४२ चिन्हं. 'अर्धवट मावळा, सांगली' एवढं लिहून झालं की जवळजवळ निम्मी रॅम संपलीच. ४ जीबीच्या स्वस्त फोनात याच्या ३ कोटी ३५ लाख पट रॅम असते. बरं, पडद्याचं चित्र साठवायला या यंत्रात जागाच नाही. टीव्हीचा किरण एकेक ओळ रंगवत खाली जातो आणि प्रोग्रामने त्याच्या बरोबरीने धावत 'आता हा रंग, आता इथे खेळाडू' असं चिपला सांगत राहायचं. एका ओळीला प्रोसेसरच्या ७६ सायकल मिळतात. साध्यातली साधी सूचना दोन सायकल खाते, बऱ्याचशा तीन-चार. म्हणजे ओळीमागे सूचना वीस-पंचवीस. ओळ चुकली की चित्र हलतं, फाटतं. पडद्यावर दिसणाऱ्या १९२ ओळी अशा काढायच्या, आणि गुण, टक्कर, शत्रूची चाल हा सगळा खेळ वरच्या-खालच्या न दिसणाऱ्या ७० ओळींच्या वेळात उरकायचा. ते होतात ५,३२० सायकल, दर फ्रेमला.

हलत्या वस्तूही मोजक्याच: दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू. मागच्या देखाव्याला २० बिट मिळतात, तेही अर्ध्या पडद्यापुरते. उरलेला अर्धा म्हणजे त्याचीच नक्कल किंवा आरशातली प्रतिमा. त्या काळचे किल्ले आणि भुलभुलैये डावी-उजवीकडे सारखे दिसतात ते यामुळे. वॉरन रॉबिनेटने १९८० मध्ये 'ॲडव्हेंचर' केला तो ४ केबीत, प्रोग्राम, चित्रं, आवाज सगळं एकट्याने. त्यातल्या काही भुलभुलैयांत काळोख असतो, खेळाडूभोवतीचा तुकडा तेवढा दिसतो. हा काळोख लक्षात ठेव. पुढे तुझ्या कामाला येणार आहे.

हे दोन दिवस घालवायचे ते त्या यंत्रात तरबेज व्हायला नाही. फ्रेम म्हणजे मोजून मिळालेला वेळ असतो, ही गोष्ट बोटांना कळावी, एवढ्यासाठी. त्यापुढे असेंब्ली तुला जे शिकवेल त्यातलं बरंचसं फोनवर उपयोगाचं नाही, आणि फोनवर जे लागतं ते ती शिकवणार नाही. मध्येच कॉल आला तर गेम थांबून सेव्ह व्हायला हवा, कॅमेऱ्याच्या खाचेखाली बटण जाता कामा नये, अंगठ्याला लागणारं बटण किमान ९ मिलिमीटरचं हवं. १९८० साली यातलं काहीच नव्हतं.

यंत्राच्या अडचणीतूनच डिझाइन कसं निघतं, याचा आमच्या लेखी सगळ्यात सुंदर नमुना 'स्पेस इन्व्हेडर्स'. १९७८ साली तोमोहिरो निशिकादोने त्याचा प्रोग्रामही केला आणि खालचं सर्किटही. पडद्यावर ११ च्या ५ रांगा, एकूण ५५ शत्रू. सगळे एकदम हलवायला प्रोसेसरला झेपेना, म्हणून दर फ्रेमला एकच शत्रू सरकतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सगळ्यांचं एक पाऊल पडायला साधारण ०.९ सेकंद. निम्मे मारले की तेच पाऊल अर्ध्या वेळात पडतं. शेवटचा उरलेला एकटा दर फ्रेमला सरकतो, म्हणून तो अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. 'जसजसे शत्रू कमी, तसतशी धावपळ जास्त' हा नियम आधी कागदावर लिहिलेला नव्हता. तो यंत्राच्या मंदपणातून आला, आणि खेळताना मजा येते म्हटल्यावर निशिकादोने तो तसाच राहू दिला. तुझ्या इंजिनात असा अपघात आपोआप होणार नाही, कारण ५५ शत्रू ते झोपेतही हलवेल. पण त्याच इंजिनात तू असे वीस अपघात एका दुपारी मुद्दाम घडवून बघू शकतोस. ही सोय निशिकादोकडे नव्हती, आणि ती तू दीड वर्षात वापरलेली दिसत नाही.

आता तुझी आखडलेली उडी. तुझ्या कोडमध्ये बहुधा आधी वेगातून गुरुत्वाकर्षण वजा होतं आणि मग त्या नव्या वेगाने मावळा हलतो. डेल्टा टाइम वापरूनही यात चूक राहते, आणि ती मोजता येते. समज, उडी १.८ मीटर उंच हवी आणि वर पोहोचायला ०.४ सेकंद. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ, ९ मीटर प्रति सेकंद. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, २२.५. (खरं ९.८ घेऊ नकोस. गेममध्ये त्याने माणूस फुग्यासारखा तरंगतो.) या पद्धतीत प्रत्येक उडी साधारण वेग गुणिले फ्रेमचा वेळ भागिले दोन एवढी कमी पडते. लॅपटॉपवर ६० एफपीएस, फ्रेम १६.७ मिलिसेकंद, तूट साडेसात सेंटिमीटर. मित्राच्या फोनवर १४ एफपीएस, फ्रेम ७१ मिलिसेकंद, तूट तीसेक सेंटिमीटर. म्हणजे १.८ ची उडी तिथे दीड मीटरच्या आतच थांबते. ओटा १.६ मीटरचा असेल तर तुझ्याकडे चढतो आणि मित्राकडे आपटतो. अगदी तुझी तक्रार.

उपाय दोन, त्यातला एक कर. मावळा रिजिडबॉडीवर (म्हणजे हालचाल इंजिन ठरवतं) असेल तर उडी-चाल फिक्स्ड अपडेटमध्ये ने. युनिटीत तो मुळात दर ०.०२ सेकंदाला चालतो, त्यामुळे तूट राहिली तरी सगळ्या फोनवर सारखीच, ९ सेंटिमीटर. ती आकड्यात भरून काढ. फक्त बटण दाबल्याची नोंद तिथे घेऊ नकोस. ती अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या भागात) घेऊन एका व्हेरिएबलमध्ये ठेव, नाहीतर वेगवान फोनवर अधूनमधून दाबलेलं बटण गिळलं जाईल. आणि इंटरपोलेट (दोन पावलांमधली जागा भरून दाखवणारी सोय) चालू कर, नाहीतर मावळा थरथरताना दिसेल. कॅरेक्टर कंट्रोलरवर (म्हणजे हालचाल तुझा कोड ठरवतो) असेल तर एक ओळ बदलायची: हलायचं अंतर नव्या वेगावरून न काढता जुना वेग आणि नवा वेग यांच्या सरासरीवरून काढ. मग १४ एफपीएसवरही उंचीतला फरक दीड सेंटिमीटरच्या आत राहतो.

जुने गेम याबाबतीत आदर्श बिदर्श अजिबात नव्हते. अटारी किंवा मारिओच्या यंत्रात फ्रेमचा ठेका ठरलेला, म्हणून 'दर फ्रेमला दोन पिक्सेल' असं बिनधास्त लिहिता यायचं. तीच सवय पीसीवर आली आणि गोंधळ झाला. नवा, वेगवान कॉम्प्युटर आणला की जुना गेम सुसाट पळायचा. काकांना ३८६-४८६ च्या डब्यावरचं टर्बो बटण विचार. त्याचा खरा उपयोग बहुतेकदा मशीन हळू करण्यासाठी व्हायचा. ही सवय तिथेच सोडून दे.

१४ एफपीएसचं कारण अंदाजाने शोधू नकोस. डेव्हलपमेंट बिल्ड कर, फोन केबलने जोड आणि प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लाव. ३० एफपीएस म्हणजे फ्रेमला ३३ मिलिसेकंद. पण फोन दहा मिनिटांत तापतो आणि स्वतःला हळू करतो, त्यामुळे २२ च्या आसपास बसवायचं. तुझे ७१ होतात. आधी गवत बंद करून मोज, मग सावल्या, मग विकत घेतलेली झाडं. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक आकडा वहीत. अशा प्रोजेक्टात बहुतेक वेळा पारदर्शक गवताचे थर आणि प्रत्येक वस्तूचं वेगळं मटेरिअल हेच चोर निघतात.

टेक्सचरचं (वस्तूवर चढवायच्या चित्राचं) गणित मात्र कागदावरच होतं. २०४८ × २०४८ चं एक टेक्सचर, पिक्सेलला ४ बाइट, विना-कॉम्प्रेशन १६ एमबी. विकतच्या पात्राला अशी चार लागतात: रंग, नॉर्मल (उंचसखलपणा), चकाकी, सावली. झाले ६४. मिपमॅपचे (त्याच चित्राच्या लहान प्रतींचे) एक तृतीयांश धरून ८५ एमबी. म्हणजे तुझ्या एका मावळ्याच्या अंगावर दोन हजारांहून जास्त सुपर मारिओ आहेत, आणि फोनवर तो दिसतो जेमतेम दोनशे पिक्सेल उंच. एएसटीसी ६×६ हे फोनसाठीचं कॉम्प्रेशन लाव, ८५ चे १० होतात. आकार ५१२ वर आण, मग १ एमबीही लागणार नाही. फरक दिसतो का, ते फोनवर बघ. लॅपटॉपवर झूम करून बघू नकोस, तिथे दिसणारच.

फोल्डर ११ जीबी झालंय त्याची मात्र लाज वाटून घेऊ नकोस. त्यातला मोठा हिस्सा लायब्ररी नावाच्या फोल्डरचा असेल, आणि ते इंजिन स्वतः पुन्हा तयार करतं. ते गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकायचंच नसतं. टाकलं असशील तर काढ. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब तशीही घेत नाही.

अधूनमधून गेम गचका खातो का, हे तू लिहिलेलं नाहीस, पण खात असणार. प्रत्येक बाण नवा तयार करायचा आणि लागला की नष्ट करायचा, असं केलं की मेमरीत केर साठतो आणि तो झाडायला इंजिन मध्येच थांबतं. सुरुवातीलाच २० बाण करून ठेव आणि तेच फिरवून वापर. अटारीत दोनच गोळ्या होत्या, तिसरी हवी असेल तर पहिली संपेपर्यंत थांबायचं. ही कल्पना त्याच घरातली. मारिओच्या यंत्राला पडद्यावर ६४ स्प्राइट (छोटी हलती चित्रं) चालायचे आणि एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा दिसायचाच नाही. मग प्रोग्रामर दर फ्रेमला क्रम बदलायचे, त्यामुळे सगळेच थोडे लुकलुकायचे. टीव्हीला जोडायच्या गेमवर गर्दी झाली की चित्रं फडफडायची, ती यामुळे. कार्टरिज फुंकून हा दोष जात नसे.

आता पहारेकरी. तुझ्याकडे दोनच आहेत, तरी त्यांच्यासाठी विकतचं एआय पॅकेज आणलं असशील, अशी आम्हाला दाट शंका आहे. १९८० चा 'पॅक-मॅन' उघडून बघ. तोरू इवातानीच्या या गेममध्ये भुतं चार आणि प्रत्येकाला एकच नियम. लाल भूत पॅक-मॅन ज्या चौकटीत आहे तिकडे येतं. गुलाबी त्याच्या चार चौकटी पुढचं ठिकाण धरतं, म्हणून ते वाट अडवायला आल्यासारखं वाटतं. निळं पॅक-मॅनच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढतं आणि ती दुप्पट करून टोकाला जातं. लाल भूत जवळ असेल तेव्हा निळंही घातक होतं, एरवी ते कुठेतरी भलतीकडेच फिरतं. नारिंगी आठ चौकटींहून लांब असेल तर पाठलाग करतं आणि जवळ आलं की घाबरून आपल्या कोपऱ्यात पळतं. एवढंच. एकमेकांशी न बोलता चौघं मिळून घेरतात. त्याहून हुशारी पुढे आहे. पहिल्या पातळीवर ती ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, २० सेकंद पाठलाग करतात, परत ७ सेकंद पांगतात. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी, हे आकड्यात लिहून ठेवलेलं आहे.

तुझ्या गडावर तीन पहारेकरी पुरेत. एक शेवटचा आवाज आला तिथे जाईल. दुसरा आवाजाकडे न जाता जवळच्या दरवाज्यात जाऊन उभा राहील. तिसरा मशालीपासून दहा पावलांच्या पलीकडे जाणारच नाही. २० सेकंद शोधतील, मग ७ सेकंद आपापल्या जागी परततील. प्रत्येकाचा कोड तीसेक ओळींचा. हे करून बघ आणि मगच ठरव, पॅकेज लागतं का ते.

म्हणजे प्रोजेक्ट टाकून द्यायचा का? नाही. त्याची एक प्रत बंद करून ठेव आणि शेजारी नवा कोरा प्रोजेक्ट उघड. त्याआधी एका ए-४ कागदावर हद्द आखायची. आमच्या हाताने आखली तर ती अशी दिसेल: क्रिया एक, चढणं. जोडीला एक, लपणं. प्रसंग रात्रीचा. कडे १२, प्रत्येक एका पडद्याचा. पहारेकरी तीन प्रकारचे, एका वेळी पडद्यावर पाचाच्या वर नाहीत. रंग १६. कॅमेरा बाजूने. फोनवरची फाइल ५० एमबीच्या आत. मुदत सहा आठवडे. रात्र निवडली म्हणजे 'ॲडव्हेंचर'मधला तो काळोख तुला फुकटात मिळाला. मशालीभोवतीचं वर्तुळ दिसतं, बाकी काळं. लांबचा सह्याद्री काढावाच लागत नाही. आणि कोंढाण्याची कथा रात्रीचीच आहे, त्यामुळे ही तडजोड कुणाला तडजोड वाटणारही नाही.

थर्ड पर्सन ओपन वर्ल्ड सोडायला जिवावर येईल. तेव्हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी' आठव. अनरिअल इंजिन होतं, पूर्ण वेळ काम करणारी टीम होती, तरी त्यांनी ओपन वर्ल्ड नाही केलं. वाट ठरलेली आहे आणि कॅमेरा कुठून बघणार हेही त्यांनीच ठरवलेलं आहे. एकट्याने मोठा गेम होतच नाही असंही नाही. 'स्टार्ड्यू व्हॅली' (२०१६) एरिक बॅरोनने एकट्याने केला, पण साडेचार वर्षं घालून. तुला तेवढी द्यायची असतील तर जरूर दे, पण डिग्रीचा हिशेब मग घरी समजावून सांग.

पहिले दहा दिवस युनिटीही उघडू नकोस. टिक-८० हे छोटे गेम करायचं साधन फुकट आहे: पडदा २४० × १३६, रंग १६, चित्र, आवाज आणि कोड एकाच खिडकीत. याच प्रकारचं पिको-८ विकत मिळतं, १२८ × १२८ चं, आणि त्याची शैक्षणिक आवृत्ती ब्राउझरमध्ये मोफत चालते. 'सेलेस्ट' (२०१८) हा गाजलेला चढाईचाच गेम. त्याचा पहिला अवतार पिको-८ वर चार दिवसांत झाला होता. या दहा दिवसांत फक्त चौकोन चढव. मावळा म्हणजे एक तपकिरी ठोकळा. मजा ठोकळ्यात आली नाही तर फेटा बांधून येणार नाही, तेव्हा चित्रं नाही, आकडे बदल.

कुठले आकडे, तर आधी उडीची उंची आणि वेळ, वर दिलेल्या सूत्राने. मग खाली येतानाचं गुरुत्व वर जातानाच्या दीडपट. बटण लवकर सोडलं तर उडी लहान. हे मारिओतही आहे, आणि त्याशिवाय उडी मेलेली वाटते. मग दोन गोष्टी, ज्या जुन्या गेमांत सहसा नसत. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी मान्य करायची, आणि जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात दाबलेलं बटण टेकताक्षणी वापरायचं. टचस्क्रीनवर हे दोन आकडे नसतील तर खेळणारा 'मी दाबलं होतं!' म्हणून फोन खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबर असतं. इथे आजचं काम सरळसरळ पुढे गेलंय. तीन जीव, संपले की पहिल्यापासून, हे तर मुळीच घेऊ नकोस. ती रीत नाण्यावर चालणाऱ्या मशीनची. माणूस लवकर मेला की दुसरं नाणं पडतं. तुझ्या कड्याला नाणं लागत नाही, पडला की अर्ध्या सेकंदात त्याच कड्याखाली उभा कर.

बारा कड्यांचा क्रम लावताना मारिओची पहिली पातळी समोर ठेव. सुरुवातीला मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. पहिला शत्रू सावकाश येतो. पहिलं मशरूम पुढे सरकतं, पाइपाला आपटतं आणि तुझ्याकडेच परत येतं, म्हणजे ते चुकवणं अवघड. शिकवणी आहे, पण पाटी नाही. तुझा पहिला कडा असा, जिथून पडलं तरी काही होत नाही. दुसरा तसाच, पण वर पहारेकरी पाठमोरा. तिसऱ्यावर तो वळतो. पडद्यावर 'उडी मारण्यासाठी इथे दाबा' असं लिहायची वेळ आली, तर कडा पुन्हा आख.

तिसऱ्या आठवड्यात युनिटीत ये. चौथ्यात पहारेकरी. पाचव्यात चित्र आणि आवाज, आणि हे जास्त झालंच तर कडे १२ चे ८ कर, मुदत वाढवू नकोस. सहावा आठवडा पूर्णपणे चाचणीला. कार्टरिजच्या दिवसांत एकदा रॉम (गेमची चिप) छापला की चूक जन्माची. 'पॅक-मॅन'मध्ये पातळीचा आकडा एका बाइटात होता. २५६ व्या पातळीला तो उलटतो आणि उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या खिचडीने भरतो. ते आजही तसंच आहे. आज चूक नंतर दुरुस्त करता येते, म्हणून लोक अर्धं कच्चं काढतात, आणि पहिल्या दिवशी आलेली वाईट मतं पॅचने पुसत नाहीत.

प्ले स्टोअरवर घाई नको. खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. हे १२ जण तिसऱ्या आठवड्यातच गोळा करायला लाग, शेवटी कुणी मिळत नाही. तोवर इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर ब्राउझरची आवृत्ती फुकट चढव.

चाचणी कशी घ्यायची तेही जुनंच आहे. १९७२ मध्ये 'पाँग'चं पहिलं मशीन कॅलिफोर्नियात एका बारमध्ये ठेवलं होतं. काही दिवसांत ते बंद पडलं म्हणून ते बनवणारा ॲलन ॲल्कॉर्न उघडून बघायला गेला, तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. तुझ्याकडे डबा नाही, पण काका आहेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी फोन त्यांच्या हातात दे, मागे उभा राहा, हात खिशात, तोंड बंद. पहिली उडी किती सेकंदांनी मारली, पहिल्यांदा कुठे पडले, फोन कधी खाली ठेवला, एवढंच लिहून घे. उडीचं बटण शोधायला त्यांना पाच सेकंदांहून जास्त लागली, तर काकांना समजावत बसू नकोस, बटण हलव.